गाडीत दोष नाही

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न ऐकला की हल्ली मला मळमळतं. वाढवून सांगत नाही. अमरावतीत माझं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत माझ्या दारात जी माणसं उभी राहिली, त्यांतल्या निम्म्यांना इंजिनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त एक आकडा हवा होता, लिटरमागे किती किलोमीटर. हवेचा फिल्टर मातीनं बुजलेला, टायर बसलेले, क्लच घसरतोय, आणि हे येऊन म्हणणार, भाऊ, थोडं ट्यूनिंग करून द्या, ॲव्हरेज वाढलं पाहिजे. जसा मी पानठेल्यावर बसलोय आणि चुना जरा कमी लावायचा आहे.

आणि उपाय तरी काय एकेक! कोणी डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधून आणतो. कोणी टाकीत डांबराच्या गोळ्या टाकतो, कपाटात कपड्यांत ठेवतात त्या. एक महाभाग पंपाचं सील तोडून डिझेलचा स्क्रू स्वतःच पिळून आला होता. तिवस्याच्या रस्त्याला उड्डाणपूल चढताना त्याची गाडी धापा टाकायची, मागून ट्रकवाले शिव्या घालायचे, तरी स्वारी खूश, कारण आकडा वाढला. शी! वीट आला आहे मला या सगळ्यांचा. पण मागच्या वर्षभरात मला ज्याची सगळ्यात जास्त शिसारी आली तो गिऱ्हाईक नव्हता. तो मीच होतो.

आमच्या घरात वडील वकील, काका वकील, थोरला भाऊ वकील. मी बारावीला आपटलो आणि अकोल्याला जुन्या शहरात एका उस्तादांकडे पंपाचं काम शिकायला गेलो. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. उस्तादांची एक रीत होती. आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते अकोलेकराला सांगायला नको. मार्च संपत आला की गाड्या उकळायला लागतात, आणि मग वऱ्हाडातला प्रत्येक मेकॅनिक एकच गोष्ट करतो. इंजिनातला थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकतो. मुठीत मावेल एवढा पितळी वॉल्व्ह. इंजिन गार असतं तोवर तो पाण्याची वाट अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. गरम झालं की वाट उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की पाणी सारखं फिरत राहतं आणि गाडी उकळत नाही. पण थंडीत हीच गाडी धड तापतच नाही, आणि गार इंजिन डिझेल नीट जाळत नाही, नुसतं पितं.

म्हणून उस्ताद काढलेला वॉल्व्ह फेकत नसत. चिंधीत बांधायचे, चिंधीवर गाडीचा नंबर लिहायचे, डब्यात ठेवायचे. दसऱ्याला गाडी पूजेसाठी धुवायला आली की आधी वॉल्व्ह जागेवर, मग हार. बाकीचे मेकॅनिक वॉल्व्ह भंगारात टाकून मोकळे व्हायचे आणि गाडीवाल्याला सांगायचे, आपल्याकडे याची गरजच नाही. अशांना मी आयुष्यभर अडाणी म्हणत आलो. तोंडावर म्हणत आलो. उस्तादांसारखा डबा माझ्याही दुकानात आहे आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

मागच्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत एक शाळेची बस चिखलदऱ्याच्या घाटात उकळली आणि माझ्याकडे आली. जुनी बस, साध्या पंपाची. मी रेडिएटर साफ केलं, वॉल्व्ह काढला, चिंधी बांधली, नंबर लिहिला. दसऱ्याला ती बस आली. त्या दिवशी दुकानापुढे अठरा गाड्या उभ्या होत्या, झेंडूच्या हारांचा ढीग, लिंबं, नारळ, घाई. बसला हार चढला, चाकाखाली लिंबू गेलं, बस गेली. वॉल्व्ह डब्यातच राहिला. विसरलो मी. त्याला दुसरं नाव नाही.

त्या बसचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा, मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. बारा वर्षं त्याच बसवर. अमरावतीजवळच्या खेड्यांतली मुलं गोळा करून शाळेत आणायची आणि परत सोडायची. ड्युटीवर असताना हा माणूस चहा पीत नसे. का, तर चहा प्यायला की मधेच कुठेतरी उतरावं लागतं आणि तेवढा वेळ पोरं बसमध्ये एकटी राहतात. मला हसू यायचं त्याच्या या नियमाचं. पण खेड्यातल्या बाया याच माणसाच्या हातात चार वर्षांचं लेकरू द्यायच्या आणि वळून न बघता कामाला लागायच्या. त्याच्याजवळ होतं ते एवढंच, लोकांचा विश्वास. दुसरी काही इस्टेट नव्हती त्याची.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तो दुकानात आला. म्हणाला, काटा वर येऊनच नाही राहिला, सकाळी पांढरा धूर सोडते, काहीतरी आहे. माझ्या हातात पंप उघडलेला होता, समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी त्याला म्हटलं, बाप्पा, गाडी तापत नाही ही काय तक्रार झाली? घाटात उकळली होती तेव्हा रडत आला होतास, आता थंड आहे तर त्याचंही रडणं! गिऱ्हाइकं हसली. तोही हसला आणि गेला. दोन मिनिटं लागली असती मला. बोनेट उघडायचं आणि रेडिएटरला जाणारा वरचा होजपाइप गरम आहे का ते हात लावून बघायचं. पण ड्रायव्हरनं मला इंजिनातलं सांगावं, हे माझ्या टाळक्यात बसत नव्हतं.

डिसेंबरात बसचे मालक स्वतः आले. निवृत्त शिक्षक, गणिताचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांच्या तीन बस शाळेला लागलेल्या. सरांनी हिशेब तोंडपाठ करून आणला होता. रोजचे नव्वद किलोमीटर, बस लिटरला नऊ द्यायची, म्हणजे दहा लिटर. आता साडेअकरा लिटर लागतंय. मग दीड लिटर जातं कुठं? लोहचुंबक त्यांनी आधीच बांधून पाहिलं होतं, तेही मला बोनेटखाली सापडलं. मी ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, दोन दिवस गाडी ठेवा.

त्या दोन दिवसांचं काम चोख होतं, आणि त्यामुळेच ते जास्त खुपतं. चारही नोझल काढून टेस्टरवर लावली, त्यांचं प्रेशर जुळवलं, फवारा धुक्यासारखा बारीक पडतो की धार लागते ते पाहिलं. पंप खाली उतरवून कॅलिब्रेट केला. टायमिंग मिळवलं, टॅपेट सेट केले, हवेचा फिल्टर नवा टाकला. मागचा एक ब्रेक चिकटत होता तो मोकळा केला. टायरमध्ये हवा स्वतः भरली. ट्यूनिंग म्हणतात ते हेच, स्क्रू पिळणं नव्हे. इंजिन असं गोड वाजायला लागलं की मी हात पुसत नुसता ऐकत उभा राहिलो. ते ऐकत असताना ज्या डब्यावर माझं कोपर टेकलं होतं तो उघडून बघावा, असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सर आले. म्हणाले, “मला एवढंच सांगा, दोष गाडीत आहे की माणसात?”

“गाडीत दोष नाही, सर. गाडी एक नंबर आहे.”

यातून ते काय घेणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणू शकलो असतो की एक दिवस मी बसमधून फिरून बघतो. पण मग माझ्या कामावर माझाच भरवसा नाही असं दिसलं असतं. वकिलांच्या घरातला मी, माझ्याच तोंडून एका माणसाला शिक्षा देऊन बसलो. भावाला हे सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, पुरावा काय होता? पुरावा माझा माज होता.

आठवड्यानं सरांनी मला शाळा सुटायच्या वेळी गेटवर बोलावलं. ट्यूनिंग करूनही ॲव्हरेज जिथल्या तिथं होतं. गेटपुढे नेहमीची गर्दी. दुचाक्यांवर आईबाप, ऑटोवाले, बाकीच्या बसचे ड्रायव्हर, मुलं रांगेत. सरांनी ड्रायव्हरला बसमधून खाली बोलावलं आणि हात पुढे कर म्हणाले. त्यानं केले. सरांनी त्याचे दोन्ही हात मनगटाला धरून नाकाशी नेले आणि हुंगले. आधी उजवा, मग डावा. रांगेतली मुलं बघत होती. सर मोठ्यानं म्हणाले, “डिझेल.”

डिझेल बसच्या ड्रायव्हरच्या हाताला डिझेलचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार? माझे हात हुंगले असते तर? सव्वीस वर्षांत तो वास माझ्या नखांतून गेलेला नाही. त्या शिकल्यासवरल्या माणसाची मला इतकी किळस आली की वाटलं, तिथंच चार शब्द सुनावावेत. पण सुनावले नाहीत. तो ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला, “भाऊ, तुमी तरी सांगा न यायले.” मी पुढच्या चाकाकडे बघत म्हणालो, गाडीचं मला विचार, बाकी मला काय माहीत. मग मान खाली घालून माझ्या दुचाकीवर बसलो आणि घरी आलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर नव्हता. बसवाल्यांच्या धंद्यात अशी बातमी वाऱ्यासारखी पसरते. दोन मालकांकडे जाऊन आला म्हणे, दोघांनीही विचारलं की डिझेल काढणारा तूच ना? महिन्याभरात खोली सोडून तो अकोल्याला भावाकडे निघून गेला.

जानेवारीत नवा ड्रायव्हर आला आणि ॲव्हरेज तेवढंच राहिलं. आता तरी सरांची ट्यूब पेटावी की नाही? तर ते म्हणाले, हाही चोर निघाला, सगळी जातच तसली. मला ऐकवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः स्टिअरिंगवर बसलो. चांगली थंडी होती. पंधरा किलोमीटर गेलो, पंचवीस गेलो, आणि तापमानाचा काटा तळाशी मेल्यासारखा पडून होता. बस बाजूला घेतली, बोनेट उघडलं, वरच्या होजपाइपला हात लावला. कोमट. तेव्हा मला सगळं एकदम आठवलं. घाट, चिंधी, दसरा आणि तो सांगायला आला होता ती दुपार. शेताच्या बांधावर कितीतरी वेळ बसून राहिलो.

दुकानात आल्यावर डबा उघडला. चिंधीवर माझ्याच अक्षरात नंबर होता. अर्ध्या तासात वॉल्व्ह बसवला. कोणाला काही बोललो नाही. आठ दिवसांत बस पुन्हा नऊवर आली.

आणि मग सर पेढे घेऊन आले. पेढे! माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की नव्या ड्रायव्हरला चांगला दम दिला होता, बघा कसा वठणीवर आला. जुन्याला काढलं तेच बरं केलं, आता तर सिद्धच झालं. मी वॉल्व्ह गुपचूप बसवला आणि त्या माणसावरचा चोरीचा शिक्का आणखी पक्का केला. पेढा मी तोंडात टाकला. तो गिळताना काय वाटलं ते सांगता येणार नाही, पण गिळला.

दहा दिवस मी गप्प होतो. दुकानाचं नाव, सव्वीस वर्षांची मेहनत, गिऱ्हाइकं काय म्हणतील, हे सगळं मी मनात घोळवत होतो, आणि माझीच मला घाण येत होती. शेवटी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग इथे काय बसून राहिलात?”

उठलो तसा सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, झालं ते झालं, आता उकरून काय उपयोग. तुमचं दुकान चालू आहे, माझी बस चालू आहे, तोही तिकडे काहीतरी करतच असेल. आता मी पालकांना काय सांगू, मी चुकलो म्हणून? मग आतून चहा आला. मी तो चहा प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याला गेलो. मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या त्या गल्लीत, त्याच्या भावाच्या घरी. भाऊ भाजीचा धंदा करतो. दारात छोटी मालवाहू गाडी उभी होती आणि हा वर चढून फुलकोबीच्या पोत्यांना दोरी आवळत होता. मला पाहून खाली उतरला, या म्हणाला, पाणी आणायला सांगितलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं सगळं. वॉल्व्ह कसा विसरलो, गाडीत दोष नाही असं कसं म्हणालो, वॉल्व्ह बसवून कसा गप्प राहिलो, सगळं. तो दोरीचं टोक हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं होतं तो शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मले काहून सांगून राहिले, भाऊ?” तो म्हणाला. “मी चोर नाई, हे तं मले पयलेच माहीत होतं.”

तो परत गाडीवर चढला आणि वरूनच म्हणाला, “सांगाचं असन तं तिथं गेटवर सांगा. उद्या शाया सुटते तवा. मी येतो.”

तो आला. मी आधीच जाऊन गेटच्या बाजूला उभा होतो. तो एसटी स्टँडवरून पायीच आला असावा, धुतलेला पांढरा शर्ट घालून, आणि कोणाशी न बोलता कुंपणाजवळ उभा राहिला. लोकांनी त्याला ओळखलं. दोन बाया आपसात कुजबुजल्या. मुलं बाहेर पडायला लागली, बस लागल्या, सरही आले. त्याला बघून त्यांचं तोंड उतरलं. मी गर्दीच्या मधे गेलो आणि मोठ्यानं बोलायला लागलो. नीट बोलता आलं नाही. वॉल्व्ह म्हणजे काय हे समजावण्यात मी अडकलो, कोणीतरी मागून ओरडलं की मुद्द्याचं बोला. मग मी म्हणालो, “या माणसानं एक थेंब डिझेल कधी चोरलं नाही. चूक माझी होती. गाडीत दोष होता आणि तो मी केला होता. यानं मला येऊन सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. याचे हात हुंगले तेव्हा मी इथंच उभा होतो आणि गप्प बसलो.”

बाकीच्या बसचा एक म्हातारा ड्रायव्हर खाली उतरला आणि कुंपणाजवळ त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग दुसरा गेला. सर पुढे आले, घसा खाकरला, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की सोमवारपासून ये कामावर, झालं गेलं विसर.

तो म्हणाला, “नोकरी नाई मागाले आलो, सर. माह्यं नाव वापस घ्याले आलो होतो. भेटलं.”

एवढ्यात एका पालकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला नोकरदार माणूस, इस्त्रीचे कपडे. मला वाटलं, दोन शब्द सुनावणार, आणि मी ऐकून घ्यायला तयार होतो. तो हळूच म्हणाला, माझ्या गाडीचं ॲव्हरेज पण थंडीपासून पडलंय, तो वॉल्व्ह बघून द्याल का? काय म्हणावं या माणसांना! मी त्याचा हात झटकला. मागे वळून पाहिलं तोवर तो ड्रायव्हर रस्ता ओलांडून स्टँडकडे निघाला होता.

आता तो भावाची भाजीची गाडी चालवतो. आठवड्यातून दोनदा अमरावतीच्या मार्केटला येतो, माझ्या दुकानावरूनच. ज्या दोन मालकांनी त्याला दारातून घालवलं होतं, त्यांनी त्याला बोलावणी पाठवली, असं बसवाल्यांकडून कळलं. तो गेला नाही. मला पाहिलं की हात करतो. एकदा थांबून मुलगी दहावी पास झाली असंही सांगून गेला. राग धरणारा माणूस नाही तो.

मागच्या पंधरवड्यात त्याची गाडी काळा धूर सोडायला लागली. रस्त्यावरून गेली तरी इंजिनाची ठोकर मला दुकानात आतपर्यंत ऐकू येते. एक नोझल टपकतंय, तासाभराचं काम आहे. परवा मी हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभा राहिलो. त्यानं हात केला, हसला आणि गाडी पुढे नेली. चार दुकानं सोडून एक गॅरेज आहे, तिथं नोझलचा टेस्टरसुद्धा नाही. तो तिथं थांबला आणि त्यानं बोनेट उघडलं.